परराज्यातील शोरूममधून नवी मोटार घेताना: सीमेलगतच्या खरेदीदारांसाठी मार्गदर्शन

पांढरकवड्याच्या माणसाला यवतमाळपेक्षा आदिलाबाद जवळ पडते, गोंदियाकरांना बालाघाट तासाभराच्या अंतरावर आहे, देवरीहून राजनांदगाव आणि वरूडहून मुलताई गाठणे रोजच्यासारखे आहे आणि सिरोंच्याहून गडचिरोलीला जाण्याऐवजी प्राणहिता ओलांडून मंचेरियालला जाणे केव्हाही सोपे. दवाखाना, कापड आणि शेतीची अवजारे यांसाठी आपल्याकडची माणसे पिढ्यानपिढ्या सीमेपलीकडे जात आलेली आहेत. त्यामुळे पहिली मोटार घ्यायची वेळ आली की हैदराबाद, रायपूर किंवा भोपाळच्या शोरूमचा दर विचारून पाहावा, असे घरात कोणीतरी सुचवतेच. ही सूचना चुकीची नाही. मात्र कापड आणणे आणि मोटार आणणे यांत मोठा फरक आहे, कारण मोटार विकत घेतल्यावर तिची नोंदणी व्हावी लागते आणि ती नोंदणी दुकानाच्या पत्त्यावर होत नाही, ती मालकाच्या पत्त्यावर होते. ज्याने यापूर्वी एकही नवी गाडी घेतलेली नाही, अशा वाचकासाठी पुढील पायऱ्या लिहिल्या आहेत.

पहिली पायरी: स्वस्त काय होते आणि काय होत नाही

परराज्यातून गाडी घेतली की कर वाचतो, हा समज आधी मनातून काढून टाकावा. मोटारीच्या किमतीत मुख्यतः चार भाग असतात. पहिला भाग कंपनीची किंमत आणि वस्तू व सेवा कर (जीएसटी), म्हणजे आपण ज्याला एक्स-शोरूम दर म्हणतो तो. जीएसटीचा दर देशभर एकच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि पेट्रोल असल्यास १२०० सीसीपर्यंत, डिझेल असल्यास १५०० सीसीपर्यंत इंजिन असलेल्या लहान मोटारींवर तो १८ टक्के, मोठ्या मोटारींवर ४० टक्के आणि विजेवर चालणाऱ्या मोटारींवर ५ टक्के आहे. तेलंगणात घेतल्याने किंवा छत्तीसगडमध्ये घेतल्याने त्यात एक रुपयाचाही फरक पडत नाही. बिलावर केंद्र आणि राज्य असे दोन तुकडे दिसण्याऐवजी एकत्रित आयजीएसटी दिसू शकतो, पण बेरीज तीच राहते.

दुसरा भाग राज्याचा मोटार वाहन कर, ज्याला बोलण्यात रोड टॅक्स म्हणतात. हा कर गाडी जिथे नोंदली जाते त्या राज्याला मिळतो. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरील पेट्रोल मोटारीवर किंमत दहा लाखांपर्यंत असल्यास ११ टक्के, दहा ते वीस लाखांपर्यंत १२ टक्के आणि त्यापुढे १३ टक्के, तर डिझेल मोटारीवर याच टप्प्यांना १३, १४ आणि १५ टक्के एकरकमी कर आहे. सीएनजीच्या मोटारींचा दर १ जुलै २०२५ पासून एका टक्क्याने वाढून ८, ९ आणि १० टक्के झाला. विजेवरील मोटारींना राज्याच्या २०२५ च्या धोरणाने या करातून सूट दिलेली आहे. गाडी हैदराबादेत घेतली तरी ती उभी राहणार पांढरकवड्याच्या केळापूर तालुक्यात, म्हणून कर भरायचा महाराष्ट्राला.

येथे एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. वरील टक्केवारी टप्प्याच्या वरच्या रकमेवर नसून संपूर्ण किमतीवर लागते. ९ लाख ९५ हजारांच्या पेट्रोल मोटारीवर १,०९,४५० रुपये कर होतो आणि १० लाख ५ हजारांच्या मोटारीवर १,२०,६०० रुपये होतो, म्हणजे किमतीत दहा हजारांची वाढ आणि करात अकरा हजारांहून अधिक. ज्यांची पसंती या रेषेच्या आसपासची आहे त्यांनी सीट कव्हर, मॅट, कॅमेरा असल्या वस्तूंचे बिल मोटारीच्या बिलात मिसळू देऊ नये, ते वेगळे घ्यावे.

तिसरा भाग विमा, आणि चौथा भाग डीलरची सूट व त्याचे इतर आकार. खरा फरक पडतो तो या चौथ्या भागात आणि थोडाफार विम्यात. मोठ्या शहरात विक्री जास्त, साठा जास्त आणि डीलर अनेक, त्यामुळे सूट जास्त मिळू शकते किंवा जे मॉडेल आपल्या जिल्ह्यात तीन महिने मिळणार नाही ते तेथे तयार उभे असते.

समजण्यापुरता एक हिशेब मांडून पाहू. साडेआठ लाखांच्या पेट्रोल मोटारीवर हैदराबादचा डीलर यवतमाळपेक्षा तीस हजार रुपये अधिक सूट देतो, असे धरा. दोन माणसांचे जाणे दोन हजार, एक मुक्काम आणि जेवणखाण अडीच हजार, परतीच्या साडेतीनशे किलोमीटरचे पेट्रोल आणि टोल मिळून तीन हजार, तात्पुरती नोंदणी (कायम क्रमांक मिळेपर्यंत गाडी चालवण्यासाठीची) आणि तिची पाटी दोन-तीन हजार, त्यानंतर यवतमाळच्या परिवहन कार्यालयाच्या किमान दोन फेऱ्या तीन हजार. शिल्लक राहिले सोळा-सतरा हजार, आणि त्यातून बुडालेल्या चार-पाच दिवसांची मजुरी वजा करायची आहेच. सूट दहा-बारा हजारांची असेल, तर आपल्याच जिल्ह्यातल्या डीलरला परराज्याचे कोटेशन दाखवून घासाघीस करणे अधिक शहाणपणाचे, असे माझे स्पष्ट मत आहे. बहुतेक वेळा तेवढी रक्कम तो सोडतोच.

दुसरी पायरी: पत्त्याचा प्रश्न आधी मिटवावा

सीमाभागात सोयरिकी दोन्ही बाजूंना असतात. मामा आदिलाबादला, आत्या छिंदवाड्याला, असे घरोघरी आढळते, आणि त्यांच्या पत्त्यावर गाडी नोंदवून घेतली तर काय बिघडले, असा सल्ला हमखास मिळतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ४० प्रमाणे नोंदणी मालकाच्या राहत्या ठिकाणी किंवा त्याच्या व्यवसायाच्या ठिकाणी, जेथे गाडी नेहमी ठेवली जाते तेथे व्हायला हवी. नातेवाइकाचा पत्ता आपला म्हणून दाखवणे म्हणजे शासनाकडे खोटी माहिती देणे होय. शिवाय कलम ४७ नुसार परराज्यात नोंदलेली गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ महाराष्ट्रात ठेवली, तर तिची येथे नव्याने नोंदणी करावी लागते, त्यासाठी तिकडच्या कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र आणावे लागते आणि येथील करही भरावा लागतो. तिकडे भरलेला कर परत मिळवणे हे स्वतंत्र आणि दीर्घ काम आहे. म्हणजे आधी वाचवलेले पैसे नंतर दुप्पट कष्टाने जातात.

याला एक वैध अपवाद आहे. सैन्यदलातील कर्मचारी, केंद्र व राज्य शासनाचे आणि सार्वजनिक उपक्रमांचे कर्मचारी, तसेच ज्या खासगी कंपन्यांची कार्यालये किमान चार राज्यांत किंवा केंद्रशासित प्रदेशांत आहेत त्यांचे कर्मचारी ‘बीएच’ मालिकेचा क्रमांक घेऊ शकतात. ही मालिका सप्टेंबर २०२१ पासून सुरू झाली. तिच्यात कर एकदम न भरता दोन वर्षांचा किंवा दोनच्या पटीत भरायचा असतो आणि बदली झाली तरी नव्याने नोंदणी करावी लागत नाही. गावातला मुलगा सैन्यात असेल किंवा सून बँकेत असेल, तर हा पर्याय आधी तपासावा. मात्र गाडी त्या कर्मचाऱ्याच्याच नावावर असावी लागते.

तिसरी पायरी: निघण्यापूर्वी फोनवर विचारायच्या गोष्टी

आपल्या राज्यातल्या डीलरकडे गाडी घेतली की नोंदणीचे सगळे काम तोच संगणकावर करतो, मालकाला परिवहन कार्यालयाचे तोंडही पाहावे लागत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ४१ मध्ये तशी तरतूदच आहे, पण ती डीलर ज्या राज्यात आहे त्याच राज्यात गाडी नोंदवायची असेल तेव्हाची. परराज्यातून घेतलेल्या गाडीच्या कायम नोंदणीचा अर्ज मालकानेच आपल्या कार्यालयात करायचा असतो. शेजाऱ्याची गाडी शोरूममधूनच क्रमांक घेऊन आली, मग माझी का नाही, हा प्रश्न येथेच सुटतो.

म्हणून शोरूमला पहिला प्रश्न असा विचारावा की महाराष्ट्राच्या पत्त्यावर तात्पुरत्या नोंदणीने गाडी द्यायला ते तयार आहेत काय. काही डीलर कंपनीने ठरवलेल्या क्षेत्राबाहेर विक्री करायला नाखूश असतात आणि हे टोकन भरल्यानंतर कळण्यात अर्थ नाही. दुसरा प्रश्न असा की कायम क्रमांक मिळाल्यावर उच्च सुरक्षा क्रमांकपाटी कोण देणार. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीला ही पाटी कंपनी आणि डीलरकडूनच बसवली जाते आणि पाटीची नोंद परिवहन खात्याच्या ‘वाहन’ या संगणकप्रणालीत झाल्याशिवाय आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, छापली जात नाही. पाटी कुरियरने आपल्या जिल्ह्यातल्या त्याच कंपनीच्या डीलरकडे पाठवणार की आपल्याला पुन्हा तेवढा प्रवास करायला लावणार, याचे उत्तर व्हॉट्सअॅपवर किंवा ईमेलवर लेखी घ्यावे. तोंडी होकाराला विक्रीनंतर काही किंमत राहत नाही. ज्या विक्री प्रतिनिधीने तो दिला तो अनेकदा नोकरी सोडून गेलेला असतो.

कोटेशनमध्ये एक्स-शोरूम किंमत, सूट, विमा, तात्पुरती नोंदणी, फास्टॅग आणि प्रत्येक जादा वस्तू वेगळ्या ओळीत असावी. ‘हँडलिंग’ किंवा ‘लॉजिस्टिक’ या नावाची ओळ दिसली, तर ती काढून टाकण्याचा आग्रह धरावा. त्यांच्या राज्याचा रोड टॅक्स लावून ऑन-रोड दर सांगितला असेल, तर तो आपल्या उपयोगाचा नाही.

जुनी गाडी बदल्यात द्यायचा विचार असेल तर थोडे थांबावे. महाराष्ट्रात नोंदलेली गाडी परराज्यात द्यायची म्हणजे फॉर्म २८ चे ना हरकत प्रमाणपत्र, मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वरच्या सह्या आणि मालकी प्रत्यक्षात बदलेपर्यंतची काळजी. जुनी गाडी येथेच विकावी.

चौथी पायरी: कागदपत्रे आणि नावाची अक्षरे

ओळख आणि पत्त्यासाठी आधार, पॅन, छायाचित्रे आणि मोबाइल क्रमांक एवढेच लागते. तरीही सर्वांत जास्त वेळ याच पायरीवर जातो, आणि याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. आमच्या गाडीच्या विक्री प्रमाणपत्रावर शोरूमच्या कारकुनाने गावाच्या नावात एक अक्षर जास्त घातले आणि तालुक्याच्या जागी जिल्हा लिहिला. आम्ही पेढ्यांच्या नादात ते वाचले नाही. परिवहन कार्यालयात ते लक्षात आले आणि दुरुस्त प्रमाणपत्र टपालाने येईपर्यंत तीन आठवडे गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी राहिली.

आपल्याकडे आधारवर एक, पॅनवर दुसरे आणि बँकेच्या पासबुकावर तिसरे असे एकाच माणसाचे इंग्रजी स्पेलिंग आढळते. कोठे वडिलांचे नाव पूर्ण, कोठे फक्त आद्याक्षर. परभाषिक कारकुनाला यातले बरोबर कोणते ते कळण्याचा संभव नाही. आधारवरील नाव व पत्ता प्रमाण धरून, गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा आणि पिनकोड अशा क्रमाने एका कागदावर मोठ्या अक्षरांत टंकलिखित करून न्यावा आणि बिल, विक्री प्रमाणपत्र, विमा व तात्पुरती नोंदणी या चारही कागदांवर तोच उतरवायला सांगावा. आधार, पॅन आणि पासबुक यांत फार तफावत असेल, तर गाडी ठरवण्यापूर्वी ती दुरुस्त करून घ्यावी.

पाचवी पायरी: पैसे कसे द्यावेत

कापसाचा किंवा तुरीचा चुकारा हातात आला की तो घेऊन थेट शोरूम गाठण्याची पद्धत ट्रॅक्टरच्या काळात चालून गेली. आयकर कायद्यानुसार एका व्यवहारात दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारता येत नाही, म्हणून कोणताही नीट डीलर ती घेणार नाही. ‘घेतो, पण पावती नंतर देतो’ असे कोणी म्हटले, तर तेथून उठून यावे. आरटीजीएसने पाठवण्यापूर्वी खाते डीलर कंपनीच्या नावाचेच आहे, विक्री प्रतिनिधीच्या नावाचे नाही, हे कोटेशनवरील नावाशी पडताळून घ्यावे.

दहा लाखांहून अधिक किमतीच्या मोटारीवर डीलर एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा कर, गोळा करतो. हा खर्च नव्हे, तो आपल्या पॅनवर जमा झालेला आगाऊ आयकर असतो. ज्यांचे उत्पन्न केवळ शेतीचे आहे आणि जे कधी विवरणपत्र भरत नाहीत, त्यांनी त्या वर्षी विवरणपत्र भरले तरच तो परत मिळतो. बारा लाखांच्या गाडीवर ही रक्कम बारा हजार होते; ती सोडून देणारे कास्तकार मी पाहिलेले आहेत.

कर्ज घ्यायचे असेल, तर आपल्या शाखेला पहिल्याच दिवशी सांगावे की गाडी परराज्यातून येणार आहे. काही बँका त्या डीलरची आपल्या यादीत नोंद आहे की नाही हे पाहतात आणि त्यात आठ-पंधरा दिवस जातात. बँकेचा बोजा नोंदवण्यासाठी फॉर्म २० वर, म्हणजे नोंदणीच्या अर्जावर, बँकेची सही व शिक्का लागतो. तो फॉर्म कोरा शोरूमकडे ठेवून येऊ नये. गाडीचा चेसिस (सांगाड्यावर कोरलेला) व इंजिन क्रमांक त्यात भरून झाल्यावर शाखेतून सही घ्यावी.

सहावी पायरी: विमा

विमा डीलरकडूनच घ्यावा असे कोणतेही बंधन नाही. नव्या मोटारीला तृतीय पक्षाचा विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे झालेले नुकसान भरून देणारा विमा, सलग तीन वर्षांचा घ्यावा लागतो, हा नियम सप्टेंबर २०१८ पासून आहे. स्वतःच्या नुकसानीचा भाग एक वर्षाचा घेतला तरी चालतो. डीलरचा आकडा मिळाल्यावर त्याच विमा उतरवलेल्या किमतीवर दोन कंपन्यांचे दर बाहेरून काढून पाहावेत.

विमा कंपन्या मोटारींसाठी देशाचे दोन विभाग करतात. मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद आणि अहमदाबाद ही आठ शहरे ‘अ’ विभागात, बाकी सगळा देश ‘ब’ विभागात, आणि ‘अ’ विभागाचा हप्ता थोडा जास्त. हैदराबादचा डीलर सवयीने आपल्या शहराचा विभाग टाकतो. गाडी यवतमाळ, चंद्रपूर किंवा गडचिरोलीत नोंदली जाणार असेल, तर पॉलिसीवर नोंदणीचे ठिकाण तेच असावे.

सातवी पायरी: गाडी ताब्यात घेण्याचा दिवस

गुढीपाडव्याला गाडी घरी आणायची इच्छा स्वाभाविक आहे, पण तेलंगणात तोच दिवस उगादीचा असतो आणि शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नसते. दसरा आणि धनत्रयोदशीचे तसेच. त्या गर्दीत ना गाडी नीट पाहता येते, ना कागद. गाडी दोन दिवस आधी घ्यावी आणि पूजा मुहूर्तावर आपल्या दारात करावी.

पैसे पूर्ण भरण्यापूर्वी गाडी दिवसाच्या उजेडात, उन्हात पाहावी. चेसिस क्रमांक स्वतः वाचून बिलाशी अक्षर अन् अक्षर जुळवावा. उत्पादनाचा महिना आणि वर्ष विक्री प्रमाणपत्रात लिहिलेले असते. डिसेंबरअखेरची मोठी सूट बहुधा वर्ष बदलत असल्यामुळे असते. गाडी दहा-बारा वर्षे वापरायची असेल तर त्याने फारसे बिघडत नाही, चार वर्षांत विकायची असेल तर बिघडते. टायरच्या बाजूवर शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. ते गाडीच्या महिन्याहून फार जुने नसावेत. दारांच्या कडा, बोनेटचे बोल्ट आणि छताचा रंग यांवर पुन्हा रंगकाम केल्याच्या खुणा दिसतात काय ते पाहावे. मीटरवर शंभराहून अधिक किलोमीटर दिसले, तर कारण विचारावे. स्टेपनी, जॅक, दोन्ही चाव्या मोजून घ्याव्यात. हे सर्व घाईने उरकू नये, कारण घरी आल्यावर दिसलेला ओरखडा दाखवायला साडेतीनशे किलोमीटर परत जावे लागते.

मूळ कागद हातात घेतल्याशिवाय निघू नये. डीलरने बनवलेल्या बिलाची प्रत, फॉर्म २१ चे विक्री प्रमाणपत्र, फॉर्म २२ चे कंपनीचे रस्तायोग्यता प्रमाणपत्र, भरून सही केलेला फॉर्म २०, विमा पॉलिसी, तात्पुरत्या नोंदणीचे प्रमाणपत्र, चेसिस क्रमांकाचा पेन्सिलने उतरवलेला ठसा आणि वॉरंटीची पुस्तिका, एवढे असावे. यातला एक कागद ‘कुरियरने पाठवतो’ असे ऐकू आले, तर आणखी दोन तास तेथेच बसण्याची तयारी ठेवावी.

तेलंगणात अनेक वर्षे परिवहन विभागाची स्वतःची वेगळी संगणकप्रणाली होती, त्यामुळे तेथील तात्पुरत्या नोंदणीची माहिती महाराष्ट्रातल्या कार्यालयाला दिसण्यात अडचणी येत. कोणत्याही राज्यातून निघताना आपला चेसिस क्रमांक आणि तात्पुरता क्रमांक परिवहन संकेतस्थळावर दिसतो काय, हे शोरूमच्याच संगणकावर डोळ्यांसमोर पाहून घ्यावे.

आठवी पायरी: घरापर्यंतचा प्रवास

तात्पुरता क्रमांक पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत असावा लागतो. कागदावर छापून काचेवर चिकटवलेला क्रमांक चालत नाही. फास्टॅग शोरूमनेच लावलेला असतो, त्यात पैसे भरलेले आहेत हे पाहावे. नव्या गाडीला पहिले वर्ष पीयूसी, म्हणजे प्रदूषण तपासणीचे प्रमाणपत्र, लागत नाही, हे वाटेत कोणी अडवल्यास शांतपणे सांगावे.

हैदराबादहून येणाऱ्यांना राष्ट्रीय महामार्ग ४४ निर्मल, आदिलाबादमार्गे थेट पांढरकवडा, हिंगणघाट, नागपूरकडे आणतो, रायपूरहून येणाऱ्यांना महामार्ग ५३ देवरी, साकोली, भंडाऱ्यातून आणतो आणि भोपाळच्या बाजूने बैतूलहून ४७ क्रमांकाचा मार्ग नागपूरला उतरतो. तिन्ही रस्ते इतके चांगले आहेत की नव्या गाडीचा काटा कळत-नकळत वर चढतो. पहिल्या हजारभर किलोमीटरसाठी पुस्तिकेत दिलेली वेगमर्यादा पाळावी, एकाच वेगाने तासन्‌तास चालवू नये आणि सकाळी निघून उजेडी घरी पोहोचेल असा बेत करावा. स्वतःला लांबचा सराव नसेल, तर अनुभवी चालक सोबत न्यावा.

नववी पायरी: आपल्या कार्यालयात पासिंग

कायद्याने तात्पुरती नोंदणी जास्तीत जास्त सहा महिन्यांची असू शकते, परंतु आपल्या प्रमाणपत्रावर जी मुदत छापली आहे तीच आपली मुदत. ती संपण्याची वाट पाहू नये. गाडी आल्यापासून आठवड्याच्या आत परिवहन संकेतस्थळावर नव्या नोंदणीचा अर्ज भरावा, कागद जोडावेत आणि कर व शुल्क ऑनलाइन भरून पावत्या छापून घ्याव्यात. खासगी मोटारीचे नोंदणी शुल्क ६०० रुपये आणि बँकेचा बोजा नोंदवण्याचे १,५०० रुपये आहे; मोठी रक्कम असते ती कराचीच.

त्यानंतर कागदांचा मूळ संच घेऊन आपल्या जिल्ह्याच्या कार्यालयात जावे. यवतमाळसाठी एमएच २९, चंद्रपूरसाठी ३४, गडचिरोलीसाठी ३३, गोंदियासाठी ३५, भंडाऱ्यासाठी ३६, अमरावतीसाठी २७. नागपूर जिल्ह्याच्या ग्रामीण तालुक्यांसाठी ४०. परराज्यातून आलेली गाडी मोटार वाहन निरीक्षकाला दाखवावी लागेल असे धरून ती सोबतच न्यावी, म्हणजे एक फेरी वाचते. काही तालुक्यांच्या ठिकाणी कार्यालयाचे शिबिर भरते. त्यात हे काम होते काय, हे फोनवर विचारून घ्यावे.

एजंट करावा की नाही, यावर माझे मत मिश्र आहे. ज्याला संगणकावर अर्ज भरता येतो त्याला त्याची गरज नाही. ज्याला येत नाही त्याने गावातल्या सेतू केंद्रातून किंवा कॉलेजात जाणाऱ्या भाच्याकडून अर्ज भरून घ्यावा. पण कराची रक्कम एजंटच्या हातात रोख कधीही देऊ नये, ती आपल्या खात्यातूनच भरावी.

दहावी पायरी: क्रमांक मिळाल्यानंतर

कायम क्रमांक मिळताच तो शोरूमला कळवून पाटीची मागणी नोंदवावी आणि लेखी दिलेल्या उत्तराची आठवण करून द्यावी. पाटी बसल्यावर विमा कंपनीला नवा क्रमांक कळवून पॉलिसीवर नोंद करून घ्यावी, कारण अपघात झाल्यावर ‘नवीन गाडी’ एवढेच लिहिलेली पॉलिसी दाखवत बसणे त्रासाचे असते. फास्टॅगवरही चेसिस क्रमांकाच्या जागी वाहन क्रमांक चढवावा, नाहीतर टॅग बंद पडू शकतो. कर्ज असल्यास आरसीची प्रत बँकेला द्यावी.

मोफत सर्व्हिसिंग आणि वॉरंटी कंपनीची असते, ती देशातल्या कोणत्याही अधिकृत कार्यशाळेत मिळते. पहिल्या सर्व्हिसिंगला आपल्या जवळच्या कार्यशाळेत जाऊन गाडी आपल्या नावाने आणि योग्य विक्री तारखेने कंपनीच्या प्रणालीत दिसते काय, हे विचारून घ्यावे. वाढीव वॉरंटीचे पैसे भरले असतील, तर तीही तेथेच तपासावी.

आणि व्यवहारात फसवणूक झाली, तर त्या राज्यात खेटे घालायची गरज नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते आणि पन्नास लाखांपर्यंतची खरेदी जिल्हा आयोगाच्या कक्षेत येते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतक्रमांकावर तक्रार नोंदवून पाहावी. यासाठी कोटेशन, पैसे पाठवल्याच्या पावत्या आणि शोरूमशी झालेला लेखी संवाद गाडी विकेपर्यंत एका फाइलमध्ये ठेवावा. आरसीचे कार्ड टपालाने घरच्या पत्त्यावर येते. बोजा असो वा नसो, ते पोस्टमनकडून घेताना चेसिस क्रमांक आणि गावाचे नाव दारातच वाचून पाहावे.